शुक्रवारी ठरवा, शनिवारी डहाणू गाठा: नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पाड्यांवर कामाला येणारे स्वयंसेवक बहुतेक लांबचे असतात. कुणी वर्ध्याचं, कुणी लातूरचं, कुणी पुण्याचं. कुणी आश्रमशाळेत शिकवतं, कुणी आरोग्याच्या किंवा पाण्याच्या कामावर असतं. पहिले काही आठवडे नवलाईत जातात. मग एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी वीज गेलेली असते, वहीत अहवाल अर्धाच झालेला असतो आणि कुणीतरी म्हणतं, "उद्या समुद्रावर जाऊ या का?" लगेच अलिबाग, तारकर्ली, गोवा अशी नावं निघतात आणि बेत तिथंच बारगळतो. दोन दिवसांत ही ठिकाणं पाड्यावरून होत नाहीत. होतात, पण त्यातला दीड दिवस गाडीत जातो.

नाशिकचा समुद्र डहाणूला आहे. नकाशावर बघा, नाशिक आणि डहाणू दोन्ही जवळजवळ वीस अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे नाक पश्चिमेला ठेवून निघालं की समोर डहाणूच. सरळ रेषेत अंतर साधारण एकशे दहा किलोमीटर, घाटरस्त्यानं दीडशेच्या आत. गोदावरी मात्र ब्रह्मगिरीवर उगम पावून, एवढा जवळचा समुद्र सोडून, 1,465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्याला वैतरणेचा शहाणपणा घ्यायचाय. तीही त्र्यंबकच्याच डोंगरांत उगम पावते, पण सरळ अरबी समुद्र गाठते.

बेत अचानक ठरला तरी हरकत नाही. निघण्याआधी दोन वेळा मात्र पक्क्या हव्यात: भरती किती वाजता आहे आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे. खोली, जेवण, रिक्षा हे सगळं तिथं गेल्यावर जुळतं. या दोन वेळा तिथं गेल्यावर जुळत नाहीत.

आधी सांगा, मग पिशवी भरा

संस्थेतल्या ताईंना किंवा दादांना शुक्रवारी रात्रीच सांगा. नुसतं "बाहेर जातोय" नको. कुठं, कोणाबरोबर, कुठल्या वाटेनं आणि सोमवारी परिपाठाला हजर की नाही, एवढं सगळं सांगा. घाटात तासन्‌तास रेंज नसते, त्यामुळं फोन लागला नाही की इकडं लोक काळजीनं वेडे होतात. ज्या घरी तुमचं जेवण असतं त्या घरीही सांगा. दोन दिवस तुमच्या नावची भाकरी थापली गेली आणि तुम्ही नाहीत, हे त्या माउलीला आवडत नाही आणि ती तसं बोलूनही दाखवणार नाही.

आणखी एक, आणि हे नव्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही समुद्रावर निघालात हे वर्गात कळलं की पोरं मागं लागतात. शंभर-दीडशे किलोमीटरवर समुद्र असूनही यातल्या कित्येकांनी तो पाहिलेला नसतो. "सर, मलाबी न्या ना" म्हणणाऱ्या पोराला नाही म्हणणं जड जातं, तरी नाहीच म्हणायचं. आश्रमशाळेतलं मूल मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही, आणि पाण्याजवळ तर एकट्याच्या जबाबदारीवर मुळीच नाही. त्यांची सहल काढायची असेल तर ती वेगळी, रीतसर, पुढच्या सत्रात काढा. मी तर म्हणेन, ती काढाच.

भरतीचं गणित

आता मुख्य गोष्ट. डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी हा सगळा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोचल्यावर समोर ओली वाळू आणि गाळ दिसतो, समुद्र लांब क्षितिजाजवळ. नवखी मंडळी पाण्याच्या मागं मागं आत चालत जातात. भरती लागली की हाच सपाटपणा उलटतो. पाणी समोरून तर येतंच, पण वाळूतल्या खोलगट भागांतून बाजूनं आणि पाठीमागूनही येतं. खाडीच्या तोंडाशी तर ते फारच जोरात ओढतं.

भरतीची वेळ काढायला मोबाइलही लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. कोकणात ही जुनी रीत आहे. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्या दिवशी पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत तिथी एकपासूनच मोजायची. रोज भरती साधारण पाऊण तासानं पुढं सरकते, म्हणून ही पाऊणपट. डहाणूला अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला, आणि नेट असेल तर भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या.

यातून शनिवार-रविवार कसा निवडायचा तेही कळतं. अष्टमीच्या आसपासचा शनिवार असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती संध्याकाळी सहाला, ऐन सूर्यास्ताला. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. पाण्यात खेळायचं असेल तर हाच मुहूर्त. पौर्णिमा-अमावास्येला उलट: उधाणाची भरती दुपारी साडेअकरा-बाराला आणि संध्याकाळी पाणी पार आत. तेव्हा डुंबायचं सोडा, फिरायला जा. पौर्णिमेला ओल्या वाळूवरून मैलभर चालता येतं. उधाण किती असतं याचा अंदाज यावा म्हणून: मुंबईत ते साडेचार मीटरच्या वर गेलं की महापालिका लोकांना किनाऱ्यापासून लांब राहायला सांगते.

पाण्यात उतरण्याचा नियम एकच. भरती चढत असताना, तीही पूर्ण व्हायच्या आधीचे दीड-दोन तास, कमरेच्या खाली, एकत्र. ओहोटी लागली की बाहेर. तुम्ही गावच्या विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेले असाल तर विशेष सांभाळा. विहिरीचं पाणी उभं असतं, हे चालतं. कुणी आत ओढलं जात असेल तर ओढीच्या विरुद्ध हातपाय मारून दमायचं नाही. पाठीवर तरंगायचं, आडव्या दिशेनं सुटायचं आणि हात वर करून ओरडायचं. बाहेर उभ्या असलेल्यांनी मागोमाग उडी टाकायची नाही. दोरी, रिकामा डबा, ओढणी, जे तरंगेल किंवा पोचेल ते फेकायचं आणि कोळ्यांना हाका मारायच्या. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108.

गाळात चालताना पाय उचलून न टाकता घसटत चाला. वाळूत पाखट मासा दबून बसलेला असतो, त्याच्या शेपटीचा काटा फार वाईट. घसटलेल्या पायाची चाहूल लागली की तो आपणहून सरकतो. लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची आणि दवाखाना गाठायचा.

कधी जायचं नाही

जूनपासून सप्टेंबरपर्यंत नाही. पाऊस आवडतो म्हणून हट्ट करणारे दरवर्षी भेटतात. त्यांना जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्याकडं पाठवावं, तेही लांबून बघायला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, घाटात दरड, आणि ताजे मासे म्हणाल तर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. म्हणजे ज्यासाठी जायचं त्यातलं काहीच नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. इकडं पाड्यावर दात वाजत असतात आणि तिकडं किनाऱ्यावर नुसत्या सदऱ्यावर बसता येतं. मार्चनंतर जाता येतं, पण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत हे विसरू नका. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तर भरदुपारी सूर्य इथं अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. अकरा ते चार वाडीत झोपा काढा.

होळीला जाऊ नका, पण ते वेगळ्या कारणासाठी. या पट्ट्यातला सगळ्यात मोठा सण होळी. बाहेरगावी मजुरीला गेलेली माणसं परत येतात, गाड्यांना मुंगी शिरायला जागा नसते आणि तुमच्याच पाड्यावर बघण्यासारखं इतकं असतं की समुद्र थांबू शकतो. मोखाडा-जव्हारकडचा बोहाडा त्याच सुमाराला सुरू होतो. मुखवटे घालून रात्रभर नाचणारी सोंगं बघायची संधी सोडून वाळूत जाऊन बसणाऱ्याला काय म्हणावं.

जोडून आलेल्या सुट्ट्याही टाळा. मुंबई आणि गुजरात दोन्हीकडून माणसं उतरतात आणि खोल्यांचे भाव दुप्पट होतात.

वाट पहिली: घाटातून एसटीनं

मला विचाराल तर हीच. नाशिक, त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी नाका, डहाणू. शहरातून निघणार असाल तर जुन्या सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) सकाळी लवकर पोचा आणि चौकशी खिडकीवर विचारा. डहाणूची थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाही तर पालघर किंवा जव्हारकडं जाणारी कुठलीही धरा. जव्हारला आगार आहे, तिथून पुढची गाडी मिळते. त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्यांनी उलटं नाशिकला यायची गरज नाही, त्र्यंबकच्या स्थानकावरच हीच गाडी पकडायची. त्र्यंबकपर्यंत नाशिकची शहर बस, सिटीलिंकही येते. एकूण पाच तास धरा. चार लागले तर नशीब.

मुलींसाठी चांगली बातमी: मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. आधार कार्ड जवळ ठेवा, खोली घेतानाही ते लागणारच.

घाट लागतो म्हणून ज्यांना मळमळतं त्यांनी पुढच्या बाजूला बसावं आणि निघताना मिसळ हाणू नये. नाशिकला येऊन मिसळ न खाता गाडीत बसणं अवघड, हे मान्य, पण रविवारी परत आल्यावर खा.

जव्हारला गाडी बदलायची असेल तर मध्ये तास-दीड तास मिळतो. हे मुकणे राजांचं संस्थान. त्यांचा जयविलास राजवाडा गावाबाहेर आहे. घाईत तो करू नका, पुन्हा कधी तरी एक दिवस जव्हारलाच द्या. स्थानकाच्या आसपास चहा घ्या, पाणी भरा आणि एटीएममधून पैसे काढा. डहाणू गाठेपर्यंत मोबाइलवरून पैसे देण्यावर विसंबू नका, रेंज गेली की भेळवालाही तुम्हाला ओळखत नाही. दहा-वीसच्या नोटा जवळ हव्यात.

जव्हार सोडलं की उतार लागतो आणि हवा बदलते. खिडकीतून येणारा वारा दमट झाला की समजा, सह्याद्री मागं पडला. चारोटी नाक्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडायचा. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी, चैत्रात तिची यात्रा भरते आणि तेव्हा या वाटेवर बसायला जागा मिळत नाही. इथून डहाणू पंचवीस-तीस किलोमीटर.

वाट दुसरी: रेल्वेनं

लांब, पण ज्यांना घाट नको त्यांच्यासाठी. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराला पंचवटी, कल्याणला उतरून लोकलनं दादर, तिथं पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर, विरारला आणि विरारहून डहाणू लोकल. डहाणूपर्यंत लोकल 2013 पासून धावते, पण विरारच्या पुढं गाड्या मोजक्याच, म्हणून वेळ आधी बघा. एक चुकली की दुसरीसाठी बराच वेळ फलाटावर बसावं लागतं. कल्याणहून दिवा गाठून दिवा-वसई मेमूनंही जाता येतं, दादरची गर्दी वाचते, फेऱ्या मात्र कमी. शनिवारी सकाळी पिशव्या घेऊन दादरचा पूल चढणं हा काही सुट्टीचा प्रकार नव्हे, एवढं सांगून पुढं जातो.

पेठ-सुरगाण्याच्या मंडळींनी

तुम्हाला डहाणू आडवाटेला पडतं. पेठहून कपराडा, वापी करत दमण जवळ. सुरगाण्याहून धरमपूरमार्गे वलसाड आणि तिथला तिथल, काळसर वाळूचा किनारा. दमणला जांपोरचा किनारा बरा, देवकाचा खडकाळ आहे. पोर्तुगीजांचा किल्ला मोटी दमणला, तो बघावाच. 1961 पर्यंत इथं त्यांचं राज्य होतं.

दमणबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तिथं दारू मिळते आणि स्वस्त मिळते. पण दमण केंद्रशासित प्रदेशात आहे आणि परतीची वाट गुजरातमधून जाते. गुजरातेत दारूबंदी आहे. पिशवीत बाटली सापडली तर थेट गुन्हा दाखल होतो. तुमच्याबरोबर संस्थेचं नाव जाईल, आणि पाड्यावर जिथं बायका दारूविरुद्ध भांडताहेत तिथं तुम्ही कुठल्या तोंडानं उभे राहणार? महिलांचं अर्धं तिकीटही राज्याच्या हद्दीपर्यंतच.

तिथं पोचल्यावर

डहाणू रोड स्थानकाजवळ गर्दी आणि बाजार. मुक्कामाला तिथं थांबू नका. रिक्षानं किंवा एसटीनं उत्तरेला सरका: नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. बोर्डी सतराएक किलोमीटरवर. किनाऱ्याला सुरूची झाडं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. या वाड्या टिकल्या त्याचं एक कारण म्हणजे 1991 साली केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर बंधनं आली. नाही तर शेजारच्या वापीकडं बघा.

खोली वाडीतल्या घरगुती ठिकाणी घ्या. शुक्रवारी रात्री फोन लागला तर ठीक, नाही तर हिवाळ्यातल्या साध्या शनिवारी दारात उभं राहूनही मिळते. सगळे मिळून सहा-सात जण असाल तर मुलांची आणि मुलींची खोली वेगळी घ्या. घरमालकांचे प्रश्न निम्म्यानं कमी होतात. कुठल्या संस्थेकडून आलात ते सांगा. याच तालुक्यात वारली पाडे आहेत, तुमचं काम त्यांना चटकन कळतं आणि कधी कधी भावही उतरतो.

जेवायला मासे. बोंबील ताजे मिळाले तर दुसरं काही मागवू नका. किनाऱ्यावर बांबूच्या काठ्यांवर ते ओळीनं वाळत घातलेले दिसतील, तिथं फोटोसाठी हात लावू नका, तो कुणाचा तरी वर्षाचा साठा आहे. शाकाहारींनी हताश होऊ नये, इकडं गुजराती आणि पारशी वस्ती जुनी आहे, जेवणाचे हाल होत नाहीत. उन्हाळ्यात ताडगोळे. सकाळची ताडी लोक प्रेमानं पुढं करतात; नको असेल तर हात जोडून नाही म्हणा, कुणी रागवत नाही.

रविवारी सकाळी पाण्याची वेळ जुळत नसेल तर गंजाडकडं जाता येईल. वारली चित्रकलेला जगापुढं नेणारे, 2011 साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे तिथलेच. 2018 साली ते गेले, पण त्या भागात चित्रं काढणारी घरं आहेत. विकत घ्यायचं असेल तर तिथंच घ्या आणि घासाघीस करू नका. तुम्हाला मिळणाऱ्या मानधनात एक छोटं चित्र बसतं.

पिशवीत काय

एकच पिशवी, मांडीवर मावेल एवढी. कपड्यांचे दोन जोड, त्यातला एकही जीन्सचा नको. खारं पाणी प्यालेली जीन्स दोन दिवस वाळत नाही. पंचा, चपला, टोपी, बॅटरी, ओआरएसची पाकिटं, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी आणि मोबाइलसाठी दुसरी. चिवड्याचा पुडा घाटात कामाला येतो. रोजची औषधं असतील तर तीन दिवसांची घ्या, दोन दिवसांची नव्हे.

परत येणं

रविवारी बारा-एकच्या आत डहाणू सोडा. शनिवारी पोचल्या पोचल्या स्थानकावरच परतीच्या गाड्या विचारून घ्या, जव्हारहून नाशिककडं येणारी शेवटची गाडी कुठली तेही. मोबाइलवरच्या वेळांपेक्षा खिडकीतल्या माणसाचा शब्द खरा माना. रेल्वेनं गेला असाल तर सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला सुटणारी पंचवटी हे तुमचं लक्ष्य, आणि ती गाठायला डहाणूहून सकाळीच निघावं लागतं. रात्री नाशिकरोडला उतरून पाड्यावर जायला काहीच मिळत नाही, शहरात कुणाकडं तरी अंग टाकायची सोय आधी करून ठेवा.

एसटीनं येणाऱ्यांचा खरा प्रश्न शेवटच्या वीस किलोमीटरचा असतो. तालुक्याच्या गावाहून पाड्याकडं जाणारी शेवटची गाडी म्हणजे मुक्कामी गाडी. ती संध्याकाळी जाते, रात्री गावातच थांबते आणि पहाटे परत निघते. काळी-पिवळी जीप अंधार पडल्यावर भरत नाही, आणि भरली तर टपावर बसून जाऊ नका. मुक्कामी गाडी चुकली तर त्र्यंबकला किंवा पेठला ओळखीच्या शिक्षकांकडं, नाही तर धर्मशाळेत रात्र काढा, ताईंना फोन करा आणि सोमवारी पहिल्या गाडीनं निघा. परिपाठाला उशीर होणार असेल तर तेही त्याच फोनवर सांगून टाका, म्हणजे तुमचा वर्ग कोणी तरी सांभाळेल.